टस्कीगीच्या विटा आणि खेड्यातल्या शाळा



ऐतिहासिक वास्तू म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे किल्ल्याचा बुरूज, राजवाड्याचा दरवाजा, नाहीतर एखादे हेमाडपंती देऊळ उभे राहते. ही वास्तू कुणी बांधली? तर अमुक राजाने, तमुक सरदाराने. पण दगड कुणी वाहिले, चुना कुणी मळला, हे आपण सहसा विचारत नाही. आज ज्या मुलखाची ओळख करून द्यायची आहे, तिथे मात्र हा प्रश्न विचारल्यावाचून एकही इमारत नीट कळत नाही.

हा मुलूख आहे अमेरिकेच्या दक्षिण भागातला. अलाबामा राज्यातली मेकन काउंटी. काउंटी म्हणजे राज्याचा कारभारासाठी केलेला विभाग. आकाराने आपल्या तालुक्याएवढा समजा. २०२० च्या जनगणनेत इथली वस्ती वीस हजारांच्याही आत भरली. ठाण्याचे गाव टस्कीगी. जमिनीचा मोठा पट्टा काळा, कापसाचा. हा कापूस पिकवला तो गुलामांनी. ही काउंटी स्थापन झाली १८३२ साली, आणि त्याच साली अलाबामात कायदा झाला, की गुलामाला किंवा स्वतंत्र असलेल्या कृष्णवर्णीय माणसालाही लिहावाचायला शिकवील त्याला दंड! गुलामगिरी संपली १८६५ मध्ये. म्हणजे इथल्या वडीलधाऱ्यांना अक्षर ठाऊक नव्हते ते आळसाने नव्हे, कायद्याने.

या पार्श्वभूमीवर ४ जुलै १८८१ रोजी टस्कीगीत एक शाळा भरली. पूर्वी गुलाम असलेले लुईस ॲडम्स नावाचे एक कारागीर आणि पूर्वी गुलामांचे मालक असलेले जॉर्ज कॅम्पबेल, अशा दोघांनी ती निघावी म्हणून खटपट केली होती. मुख्याध्यापक होते बुकर टी. वॉशिंग्टन, तेही जन्माने गुलामच. राज्याने वर्षाला दोन हजार डॉलर मंजूर केले, पण ते फक्त शिक्षकांच्या पगारासाठी. इमारतीसाठी छदामही नाही. तीस विद्यार्थी आणि चर्चशेजारची एक मोडकी झोपडी, एवढ्यावर आरंभ झाला. मग पाचशे डॉलरांना शंभर एकरांचे एक पडीक शेत घेतले. त्यासाठीही उसनवारी करावी लागली.

जागा झाली, आता इमारत कशाची बांधायची? गावात वीटभट्टी नव्हती. वॉशिंग्टन म्हणाले, विटा आपणच पाडू. मुले गुडघाभर चिखलात उतरली. कच्च्या विटा रचून भट्टी लावली, ती बिघडली. दुसरी लावली, तीही वाया गेली. तिसरी जवळजवळ आठवडाभर जळत होती. आता विटा हाती येणार, तोच मध्यरात्री ती ढासळली. पैसा संपला होता. वॉशिंग्टन यांनी आपले घड्याळ पंधरा डॉलरांना गहाण टाकले आणि चौथी भट्टी लावली. ती साधली. घड्याळ मात्र परत सोडवता आले नाही. आणि पुढे काय झाले बघा: ज्या गोऱ्या शेजाऱ्यांना ही शाळा नकोशी होती, तेसुद्धा चांगल्या विटा मिळतात म्हणून शाळेच्या दारी येऊ लागले. १९०१ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात वॉशिंग्टन सांगतात, की एका हंगामात मुलांनी बारा लाख विटा पाडल्या, आणि संस्थेच्या चाळीस इमारतींपैकी चार सोडून बाकी सगळ्या विद्यार्थ्यांच्या हातच्या आहेत.

आजही टस्कीगीला गेले की या लाल विटा दिसतात. वॉशिंग्टन यांचे १८९९ साली बांधलेले ‘द ओक्स’ नावाचे घर त्याच विटांचे. आराखडा रॉबर्ट टेलर यांचा. मॅसॅच्युसेट्सच्या नामांकित तंत्रशिक्षण संस्थेची पदवी घेणारे ते पहिले कृष्णवर्णीय. जवळच एक साधी इमारत आहे. ती होती संस्थेची धुलाईघराची इमारत. पुढे तिथेच डॉ. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचे संग्रहालय झाले. कार्व्हर हे नाव मराठी वाचकाला परके नाही. वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’ या १९८१ सालच्या पुस्तकाने ते घरोघर पोहोचवले. १८९६ पासून १९४३ मध्ये मृत्यू येईपर्यंत कार्व्हर इथेच राबले. कापसाने निकस झालेल्या जमिनीत भुईमूग घ्या, रताळी घ्या, असे ते शेतकऱ्यांना सांगत. वॉशिंग्टन यांच्या शेजारीच त्यांची समाधी आहे.

पण संस्था कितीही मोठी झाली, तरी आसपासच्या खेड्यांतली मुले कुठे शिकणार? १९१२ साली शिकागोचे व्यापारी ज्युलियस रोझेनवाल्ड यांनी टस्कीगीला पंचवीस हजार डॉलर दिले. त्यातल्या काही रकमेतून अलाबामात सहा खेडेशाळा बांधायचे ठरले. पुढे हे काम इतके फोफावले, की १९३२ पर्यंत दक्षिणेतल्या पंधरा राज्यांत सुमारे पाच हजार शाळा उभ्या राहिल्या. अट अशी, की गावाने आपला वाटा उचलायचा आणि सरकारने शाळा चालवायची. कुणी जमीन दिली, कुणी लाकूड, कुणी अंगमेहनत; काहींनी शेताचा एक तुकडा शाळेच्या कापसासाठी राखून ठेवला. हिशेब केला तर रोझेनवाल्ड यांच्या निधीपेक्षा गरीब कृष्णवर्णीय गावकऱ्यांची रक्कम थोडी जास्तच भरते. हे लोक सरकारला कर देत होतेच. म्हणजे आपल्या मुलांच्या शाळेसाठी त्यांनी दोनदा पैसे मोजले.

शिक्षक मित्रांनी या शाळांची रचना मुद्दाम ध्यानात घ्यावी. खेड्यात वीज नव्हती. म्हणून उंच खिडक्यांची ओळ, आणि शक्यतो ती पूर्वेला किंवा पश्चिमेला. मुलांची बाके अशी, की उजेड डाव्या बाजूने यावा; म्हणजे लिहिणाऱ्या हाताची सावली पाटीवर पडत नाही. दोन वर्गांमधला पडदा सरकवला की गावाच्या सभेला जागा तयार.

मेकन काउंटीत नोटासल्गा गावाजवळ शिलोह चर्चच्या आवारात अशी एक शाळा जतन करून ठेवली आहे. पण त्याच आवाराला दुसरीही आठवण आहे, आणि ती दुःखाची आहे. अमेरिकेच्या सरकारी आरोग्यखात्याने १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे या भागातल्या सुमारे सहाशे कृष्णवर्णीय पुरुषांवर एक अभ्यास चालवला. त्यांतल्या ३९९ जणांना उपदंश झालेला होता. त्यांना रोगाचे खरे नाव सांगितले नाही. पेनिसिलिन हाताशी आल्यावरही ते दिले नाही. अभ्यासासाठी माणसे गोळा करण्याचे एक ठिकाण हे चर्च होते, आणि त्यांतली काही माणसे तिथल्याच दफनभूमीत विसावली आहेत. १९९७ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी देशाच्या वतीने माफी मागितली. विश्वासाने उभारलेली शाळा आणि विश्वासघाताची साक्ष एकाच कुंपणात आहेत. जतन करायचे तर दोन्ही करायला हवे. एक पुसून दुसरे ठेवता येत नाही.

१९५४ साली न्यायालयाने वर्णानुसार वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या. न्याय झाला, ही आनंदाची गोष्ट. पण हळूहळू या जुन्या शाळा रिकाम्या पडल्या. कुणाचे कोठार झाले, कुणाचे छप्पर कोसळले. पाच हजारांपैकी आज जेमतेम पाचशे उरल्या असाव्यात असा अंदाज आहे. ज्या उरल्या, त्या बहुधा तिथे शिकून म्हाताऱ्या झालेल्या माणसांनी वर्गणी काढून वाचवल्या आहेत.

राजवाडा पडला तरी राजाचे नाव ग्रंथांत राहते. खेड्यातली शाळा पडली, तर ती बांधणाऱ्यांचे नाव सांगणारे दुसरे काहीच उरत नाही. म्हणून गुरुजनहो, पुढल्या वेळी मुलांना एखादी जुनी इमारत दाखवाल, तेव्हा सन आणि राजा यांच्याआधी एवढेच विचारा: मुलांनो, या भिंतीतली वीट कुणी भाजली असेल?