काळा रंग किती काळ काळा राहतो?

इंकजेट प्रिंटरवर छापलेले कृष्णधवल छायाचित्र भिंतीवर लावले, की काही महिन्यांनी त्यात कधी कधी तांबूस झाक दिसू लागते. चित्रात तर काळ्या-पांढऱ्याखेरीज रंग नव्हता. मग हा आला कोठून?

तो पहिल्यापासून तेथेच होता! करड्या छटांसाठी पुष्कळ प्रिंटर निळसर, किरमिजी आणि पिवळ्या शाईचे सूक्ष्म ठिपके एकत्र टाकतात. आपल्या डोळ्यांना ते मिश्रण करडे भासते. पण हे तिन्ही रंग सारख्याच वेगाने उडत नाहीत. हवेतील ओझोनने निळसर रंग आधी फिका केला, की उरलेल्या दोघांमुळे चित्र तांबूस होते.

शाई दोन प्रकारची असते. ‘डाय’ शाईत रंग पाण्यात साखरेसारखा विरघळलेला असतो. त्याचा प्रत्येक रेणू सुटा, म्हणून प्रकाश आणि ओझोन यांच्या तावडीत सहज सापडतो. ‘पिगमेंट’ शाईत रंगाचे घन कण तरंगत असतात. असा कण मिलिमीटरच्या सुमारे १०,००० व्या भागाएवढा असला, तरी त्यात असंख्य रेणू असतात. बाहेरच्या रेणूंनी मार खाल्ला, तरी आतले सुरक्षित राहतात.

काळ्या पिगमेंटमध्ये कार्बन असतो, म्हणजे एक प्रकारची काजळीच. ऊन आणि हवा यांचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही. काजळी व डिंक यांच्या शाईने लिहिलेल्या आपल्याकडील जुन्या पोथ्यांची अक्षरे शेकडो वर्षांनंतरही काळीभोर दिसतात, ती यामुळेच.

मग नातवंडांपर्यंत पोचावे असे छायाचित्र छापताना काय पाहाल? केवळ काळी शाई पिगमेंटची असून भागत नाही. काही प्रिंटरांत ती फक्त अक्षरांसाठी असते. छायाचित्र मात्र डाय शाईने छापले जाते. म्हणून सर्व शाया पिगमेंटच्या हव्यात, आणि काळ्याबरोबर फिकट करड्या शायाही हव्यात. म्हणजे रंगीत शाई कमी लागते. निव्वळ कार्बनचा करडा किंचित तपकिरी दिसतो, पण टिकाऊपणासाठी तेवढे सोसावे. डायसाठी बनवलेल्या प्रिंटरमध्ये मात्र पिगमेंट शाई भरू नका, छिद्रे तुंबतील. कागद आम्लरहित, शक्यतो कापसाचा घ्या. पिगमेंट कागदाच्या पृष्ठभागावरच बसते, म्हणून चित्राला बोटे घासू नका, काचेमागे ठेवा.

एक प्रयोग करून पाहा. एकच करडी पट्टी दोन निरनिराळ्या प्रिंटरांवर छापा. प्रत्येकीचा अर्धा भाग जाड काळ्या कागदाने झाका आणि दोन्ही पट्ट्या उन्हाच्या खिडकीत चिकटवा. दोन महिन्यांनी कागद काढून झाकलेला आणि उघडा भाग ताडून पाहा. कोणती शाई निवडावी, हे पट्ट्याच सांगतील.