करार क्लबचा, निवड देशाची

राष्ट्रीय युवा फुटबॉल संघाची निवड वरकरणी केवळ गुणवत्तेची पारख वाटते. त्या वयोगटातील उत्तम खेळाडू हेरावेत, त्यांना सराव शिबिरात एकत्र आणावे, त्यांतून अंतिम यादी ठरवावी आणि स्पर्धेला जावे, असा तिचा क्रम सामान्यतः समजला जातो. प्रत्यक्षात मात्र प्रशिक्षकाला आधी आपल्याला मिळणार कोण हे शोधावे लागते आणि मग मिळालेल्यांतून उत्तम कोण हे ठरवावे लागते. ज्या तरुणांमधून त्याला निवड करायची असते ते बहुतेक आधीच एखाद्या व्यावसायिक क्लबशी करारबद्ध असतात. त्यांचे वेतन, रोजचा सराव आणि वैद्यकीय उपचार यांचा भार क्लब उचलतो आणि त्यांना राष्ट्रीय संघासाठी मोकळे करायचे की नाही, याचा निर्णयही अनेकदा क्लबच्याच हाती असतो. वरिष्ठ संघाच्या बाबतीत या अधिकाराला नियमांनी पुष्कळसा आवर घातला आहे, युवा संघाच्या बाबतीत तो अद्याप बराच मोकळा आहे. आणि या फरकाची किंमत शेवटी सतरा ते तेवीस वर्षांच्या खेळाडूंना मोजावी लागते.

या प्रश्नाचे मूळ जागतिक फुटबॉल महासंघाच्या, म्हणजे फिफाच्या, नियमांत आहे. खेळाडूंचा दर्जा आणि त्यांची एका क्लबमधून दुसऱ्या क्लबमध्ये होणारी बदली यांविषयीच्या फिफाच्या नियमावलीला राष्ट्रीय संघांसाठी खेळाडू मोकळे करण्याबद्दलचे एक स्वतंत्र परिशिष्ट जोडलेले आहे. फिफा दरवर्षी काही ठरावीक कालखंड आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी राखून ठेवते, त्यांना फुटबॉलच्या व्यवहारात 'फिफा विंडो' म्हणतात, आणि या कालखंडांत देशाने बोलावलेला खेळाडू सोडणे क्लबला बंधनकारक असते. विश्वचषकाची आणि आशिया चषकासारख्या खंडीय अजिंक्यपदांची अंतिम फेरी या विंडोच्या बाहेर पडली तरीही ते बंधन लागू होते. परंतु विंडोबाहेरची ही सवलत फक्त देशाच्या मुख्य, म्हणजे 'अ' संघालाच आहे. बंधन जेथे लागू होते तेथे ते कठोर असते: बोलावणे आलेल्या खेळाडूला त्या काळात आपल्या क्लबकडून खेळता येत नाही आणि तो राष्ट्रीय संघात दाखल झाला नाही तर ही मनाई आणखी पाच दिवस वाढते. सतरा किंवा वीस वर्षांखालील विश्वचषक मात्र सुमारे तीन आठवडे चालतो, तो नऊ-दहा दिवसांच्या विंडोत मावत नाही आणि 'अ' संघाच्या स्पर्धांत मोडत नाही. त्यामुळे अशा स्पर्धेसाठी खेळाडू मिळवताना देशाच्या महासंघाजवळ हक्क नसतो, फक्त विनंती असते.

क्लबांची बाजू समजून घेतल्याशिवाय या वादाचा न्याय्य विचार होऊ शकत नाही. हंगामाच्या मध्यावर तीन-चार आठवडे खेळाडू दूर गेला तर क्लबचे सामने थांबत नाहीत, त्याचे वेतन थांबत नाही, आणि तो जायबंदी होऊन परतला तर पुढील कित्येक महिन्यांचे नुकसान क्लबलाच सोसावे लागते. बेल्जियममधील शार्लरवा क्लबचा अब्देलमजीद उल्मर्स हा मध्यरक्षक २००४ मध्ये मोरोक्कोकडून खेळताना जबर जखमी झाला, तेव्हा या क्लबने थेट फिफाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली आणि युरोपातील बड्या क्लबांच्या 'जी-१४' या संघटनेने त्याला पाठबळ दिले. प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत पोहोचल्यावर २००८ मध्ये तडजोड झाली, दावा मागे घेण्यात आला आणि 'जी-१४' विसर्जित होऊन युरोपियन क्लब असोसिएशन स्थापन झाली. त्यानंतर विश्वचषकाच्या उत्पन्नातील वाटा क्लबांना देण्याची पद्धत रूढ झाली. २०२२ च्या कतार विश्वचषकासाठी ही रक्कम २०.९ कोटी डॉलर होती. राष्ट्रीय संघाकडून खेळताना जखमी होणाऱ्या खेळाडूच्या वेतनाची भरपाई क्लबला देणारी विमासदृश योजनाही फिफाने सुरू केली. या दोन्ही व्यवस्था मुख्यतः 'अ' संघांना समोर ठेवून उभ्या राहिल्या आहेत. अठरा वर्षांचा खेळाडू युवा विश्वचषकाला पाठवण्याची क्लबला सक्ती नसते आणि पाठवला तर मोबदलाही नसतो, आणि म्हणून क्लबांचा नकार केवळ हटवादीपणातून येतो असे म्हणणे अन्यायाचे ठरेल.

क्लबांच्या या अधिकारावर कायद्याची मोहोर उमटली ती बीजिंग ऑलिंपिकच्या वेळी. ऑलिंपिकमधील पुरुषांची फुटबॉल स्पर्धा तेवीस वर्षांखालील खेळाडूंची असते आणि प्रत्येक संघाला त्याहून मोठ्या वयाचे तीन खेळाडू घेता येतात, म्हणून ती वरिष्ठ आणि युवा फुटबॉलच्या सीमारेषेवर उभी आहे. २००८ मध्ये बार्सिलोनाने लिओनेल मेस्सीला, तर शाल्क आणि वेर्डर ब्रेमेन या जर्मन क्लबांनी अनुक्रमे राफिन्हा आणि दिएगो या ब्राझिलियन खेळाडूंना सोडण्यास विरोध केला. तेवीस वर्षांखालील खेळाडू सोडणे बंधनकारक आहे असे फिफाने सांगितल्यावर हे तिन्ही क्लब क्रीडा लवाद न्यायालयात गेले. ऑलिंपिक फिफाच्या समन्वित वेळापत्रकात नाही आणि बंधन घालणारा स्वतंत्र निर्णयही फिफाच्या कार्यकारिणीने घेतलेला नाही, या कारणांवरून न्यायालयाने ६ ऑगस्ट २००८ रोजी क्लबांच्या बाजूने निकाल दिला. बार्सिलोनाचे तत्कालीन प्रशिक्षक पेप ग्वार्दिओला यांनी मेस्सीची इच्छा ओळखून त्याला खेळू देण्याचा आग्रह धरला आणि अर्जेंटिनाने सुवर्णपदक जिंकले. तो निकाल आणि हा शेवट एकत्र पाहिले म्हणजे वस्तुस्थिती स्पष्ट होते: मेस्सीचे खेळणे नियमाने ठरले नाही, ते क्लबच्या मर्जीवर ठरले.

अशा परिस्थितीत निवडीचे तंत्रच बदलून जाते. ज्याच्याकडे हक्काचे खेळाडू आहेत तो प्रशिक्षक आधी खेळाची पद्धत ठरवतो आणि तिला साजेसे खेळाडू निवडतो, तर युवा संघाच्या प्रशिक्षकाला उपलब्ध खेळाडू पाहून खेळाची पद्धत बेतावी लागते. त्याला प्रत्येक जागेसाठी तीन-चार नावे तयार ठेवावी लागतात, क्लबच्या व्यवस्थापकांशी आठवडेच्या आठवडे बोलणी करावी लागतात, आणि एखाद्या क्लबने ऐनवेळी दोन्ही मध्यवर्ती बचावपटू नाकारले तर बचावफळी नव्याने उभी करावी लागते. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये हे फार ठळकपणे दिसले. फ्रान्सचे प्रशिक्षक सिल्व्हाँ रिपोल यांनी जाहीर केलेल्या यादीतील अनेक खेळाडूंना क्लबांनी अडवले, त्यांना काही दिवसांतच जवळपास नवी यादी करावी लागली आणि फ्रान्स यजमान जपानकडून ०-४ असा हरून साखळीतच बाद झाला. बावीस खेळाडू नेण्याची मुभा असताना जर्मनीचा संघ जेमतेम अठरा जणांचा होता आणि त्याचीही मजल साखळीपलीकडे गेली नाही. फुटबॉलच्या जगात या दोन्ही देशांजवळ तरुण गुणवत्तेची वाण नाही. त्यांना वाण पडली ती मोकळ्या खेळाडूंची.

भारतीय प्रेक्षकांनी हा प्रश्न स्वतःच्या मैदानांवरही पाहिला आहे. २०१७ चा सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला आणि नवी मुंबई व मडगावसह सहा शहरांत त्याचे सामने रंगले. त्या वर्षी दक्षिण अमेरिकेच्या याच वयोगटाच्या स्पर्धेत सर्वोत्तम ठरलेला ब्राझीलचा व्हिनिसियस ज्युनियर या विश्वचषकात दिसला नाही, कारण फ्लामेंगो क्लबने त्याला सोडले नाही. इंग्लंडच्या जेडन सँचोला बोरुसिया डॉर्टमुंडने फक्त साखळी सामन्यांपुरती परवानगी दिली. त्याने तीन गोल केले आणि बाद फेरी सुरू होण्यापूर्वी तो जर्मनीला परतला. इंग्लंडने पुढे कोलकात्यात स्पेनला ५-२ असे हरवून विजेतेपद मिळवले, तर ब्राझील तिसऱ्या क्रमांकावर राहिला. पर्यायी खेळाडूंची फळी ज्या संघाकडे भक्कम असते तो असा धक्का पचवू शकतो, हा इंग्लंडच्या यशाचा अर्थ आहे; परंतु विश्वचषक जिंकण्याचा जो क्षण सँचोच्या सवंगड्यांना लाभला, तो त्याला मैदानावर अनुभवता आला नाही, हेही तितकेच खरे आहे.

याच स्पर्धेत खेळलेल्या भारतीय संघाची पुढची वाटचाल या प्रश्नाची दुसरी बाजू दाखवते. यजमान म्हणून भारताने विश्वचषकासाठी मुले फार आधी निवडून महासंघाच्या शिबिरांत एकत्र घडवली होती, ती अजून क्लबांच्या करारांत अडकलेली नव्हती, आणि त्यामुळे त्या संघाला हवा तितका सहवास मिळाला. स्पर्धेनंतर या मुलांपैकी अनेक जण महासंघाच्याच 'इंडियन अॅरोज' या संघाकडून आय-लीगमध्ये खेळले. तरुण खेळाडूंना नियमित स्पर्धात्मक सामने मिळावेत आणि त्यांच्यावर राष्ट्रीय संघाचा पहिला हक्क राहावा, अशी या संघामागची कल्पना होती. २०२२ मध्ये हा संघ बंद करण्यात आला, तोपर्यंत ती पिढी इंडियन सुपर लीगच्या क्लबांत विखुरली होती, आणि २०२३ च्या आशियाई स्पर्धेत नेमकी तिच्याच वाट्याला क्लब आणि देश यांच्यातील ओढाताण आली.

आशियाई स्पर्धेतील पुरुषांचे फुटबॉल २००२ पासून तेवीस वर्षांखालील खेळाडूंचे असते; हांगझोऊ येथील स्पर्धा एका वर्षाने लांबल्यामुळे ही मर्यादा त्या वेळी चोवीस करण्यात आली होती. आशियातील पहिल्या आठांत नसलेला संघ पाठवू नये, या निकषामुळे भारताचा सहभागच आधी अनिश्चित होता आणि क्रीडा मंत्रालयाने हा निकष शिथिल केला तो जुलै २०२३ च्या अखेरीस. फुटबॉलचे सामने १९ सप्टेंबरला सुरू व्हायचे होते, इंडियन सुपर लीगचा हंगाम २१ सप्टेंबरला, आणि फिफाची विंडो त्यापूर्वी १२ सप्टेंबरलाच संपणार होती. नियम क्लबांच्या बाजूचा होता. त्यांनी आपले महत्त्वाचे खेळाडू अडवले, ऑगस्टमध्ये जाहीर झालेल्या बावीस जणांच्या यादीतील अनेक नावे गळाली आणि सप्टेंबरच्या मध्यावर सतरा जणांची नवी यादी करावी लागली, जिच्यात ऐनवेळी आणखी काही नावांची भर पडली.

या संघाला एकत्रित सराव असा मिळालाच नाही. खेळाडू सामन्याच्या आदल्या संध्याकाळी चीनमध्ये पोहोचले, दुसऱ्या दिवशी यजमान चीनविरुद्ध मैदानात उतरले, राहुल के. पी. याच्या सुरेख गोलमुळे मध्यंतरापर्यंत त्यांनी १-१ अशी बरोबरी राखली, आणि उत्तरार्धात पाय जड झाल्यावर सामना १-५ असा गमावला. तरीही वयोमर्यादेतून सूट मिळालेला कर्णधार सुनील छेत्री याच्या पेनल्टीवर बांगलादेशला १-० असे हरवून आणि म्यानमारशी १-१ अशी बरोबरी साधून हा संघ बाद फेरीत गेला व तेथे सौदी अरेबियाकडून ०-२ असा हरला. दहा दिवसांत चार सामने, आणि वयाची चाळिशी जवळ आलेला कर्णधार जवळजवळ प्रत्येक वेळी मैदानावर, कारण त्याला विश्रांती देण्याइतके पर्यायच नव्हते. राहुल, अमरजित सिंग, धीरज सिंग, रहीम अली आणि कोल्हापूरचा अनिकेत जाधव हे या संघातील खेळाडू २०१७ च्या विश्वचषकातही एकत्र होते. सहा वर्षांपूर्वी दीर्घ शिबिरांतून घडलेल्या या मुलांना त्यांच्या पिढीच्या दुसऱ्या मोठ्या स्पर्धेसाठी आठवडाभराचाही सराव मिळू नये, यात दोष त्यांचा किंवा त्यांच्या प्रशिक्षकाचा नव्हता.

या सगळ्या उदाहरणांतून एक गोष्ट ठामपणे सांगता येते: खेळाडू न मिळण्याचे संकट यादी जाहीर होते त्या दिवशी उद्भवत नाही, ते हंगामाचे वेळापत्रक छापले जाते त्या दिवशीच निश्चित झालेले असते. आशियाई स्पर्धेच्या तारखा कित्येक महिने आधी ठाऊक असतात आणि लीगच्या तारखा ठरवताना महासंघ व क्लब एका टेबलाशी बसू शकतात. लीग दोन आठवडे पुढे ढकलणे, किंवा एका क्लबकडून जास्तीत जास्त दोन-तीनच खेळाडू मागावेत असे बंधन महासंघाने स्वतःवर घालून घेणे, हे उपाय कोणाच्याही अधिकारावर गदा न आणता करता येण्याजोगे आहेत. त्याच्या जोडीला, युवा संघाकडून खेळताना जायबंदी होणाऱ्या खेळाडूच्या वेतनाचा विमा महासंघाने उतरवला, तर क्लबांच्या नकाराचे सर्वात सबळ कारण नाहीसे होईल. सरकारनेही सहभागाची परवानगी स्पर्धेच्या दोन महिने आधीपर्यंत लोंबकळत ठेवता कामा नये, कारण जाणार की नाही हेच ठाऊक नसलेल्या संघासाठी कोणताही क्लब आपले वेळापत्रक बदलणार नाही.

या वादात क्लब आपला हंगाम राखतो, महासंघाला पुढल्या वर्षी पुन्हा स्पर्धा मिळते, पण खेळाडूचे सतरावे, विसावे किंवा तेविसावे वर्ष पुन्हा येत नाही. वरिष्ठ संघात पोहोचणारे थोडेच असतात. बाकीच्यांसाठी युवा संघाची निवड हीच देशाकडून खेळण्याची पहिली आणि शेवटची संधी असते. म्हणून युवा खेळाडूला देशासाठी मोकळे करण्याची अट त्याच्या करारातच, स्पर्धांच्या नावांसह, लिहिली गेली पाहिजे. महासंघाने ती प्रत्येक क्लबकडून मान्य करून घेतली पाहिजे, आणि कराराखाली सही करताना खेळाडूने व त्याच्या पालकांनीही ती मागितली पाहिजे.