विषाणू वारशाने येतो का?

गैरसमज : गरोदरपणाच्या आधी आईला ताप येऊन गेला, म्हणून बाळाची गुणसूत्रं बिघडली.

डाउन सिंड्रोमच्या बाळाच्या आईला हे हमखास ऐकवलं जातं. खरं तर त्या बाळात २१ क्रमांकाचं गुणसूत्र दोनऐवजी तीन असतं. बहुतेक वेळा बीजांड तयार होताना गुणसूत्रांची जोडी नीट विलग होत नाही आणि आईच्या वयाबरोबर ही शक्यता वाढत जाते. तापावर खापर फोडण्यात अर्थ नाही.

गैरसमज : रुबेला झालेल्या आईचं बाळ व्यंग घेऊन येतं, म्हणजे दोष गुणसूत्रांत असणार.

ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ मध्ये बाळांचा मोतीबिंदू आणि आईचा रुबेला यांचा संबंध दाखवला. पण इथे विषाणू वारेतून थेट गर्भात शिरतो आणि घडत असलेले डोळे, कान, हृदय यांना इजा करतो. गुणसूत्रांतला दोष नसल्याने तो पुढच्या पिढीत उतरत नाही.

एचआयव्हीचंही तसंच. तो आपली जनुकं माणसाच्या गुणसूत्रांत घुसवतो हे खरं, पण ती मुख्यतः विशिष्ट पांढऱ्या पेशींच्या. बाळाला लागण होते ती गर्भात, प्रसूतीत किंवा दुधातून, आणि उपचारांनी ती बहुतांशी टाळता येते.

गैरसमज : म्हणजे प्रजननपेशींच्या गुणसूत्रांना विषाणू कधीच हात लावत नाहीत.

हे दुसरं टोक. माणसाच्या डीएनएचा सुमारे ८ टक्के भाग प्राचीन रेट्रोव्हायरसांचे अवशेष आहेत. लाखो वर्षांपूर्वी ते पूर्वजांच्या बीजपेशींत शिरले आणि राहिले. त्यांच्यातलंच एक जनुक आज सिन्सिटिन नावाचं प्रथिन बनवतं, ज्याच्या मदतीने गर्भाची वार घडते. एरवी उपद्रवी पाहुण्याने घर बांधायला हात लावावा, तसंच हे!

आजचं ठळक उदाहरण मात्र एचएचव्ही-६ या नागीण-कुळातल्या विषाणूचं. लहानपणी बहुतेकांना होणाऱ्या ताप-पुरळाचा हा कर्ता. याच्या जनुकसाखळीच्या टोकांना गुणसूत्रांच्या टोकांशी जुळणारे तुकडे असतात, त्यामुळे तो तिथे चिकटू शकतो. जगातल्या सुमारे १ टक्का लोकांत तो जन्मापासूनच शरीरातल्या प्रत्येक केंद्रकयुक्त पेशीत असतो. अशा पालकाकडून अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी. बहुतेकांना आयुष्यभर काही जाणवतही नाही.

पंचाईत होते ती तपासणीत. रक्तात विषाणूचा डीएनए भरपूर दिसतो, डॉक्टरांना तीव्र संसर्गाची शंका येते आणि मूत्रपिंडांवर किंवा रक्तपेशींवर परिणाम करणारी औषधं सुरू होऊ शकतात. गुणसूत्रातला विषाणू त्यांनी निघत नाही. त्यामुळे शंका असेल तेव्हा केसांची मुळं किंवा नखं तपासतात. तिथेही विषाणूचा डीएनए सापडला, तर तो बहुधा आईवडिलांपैकी एकाकडून आलेला असतो.