एचआयव्ही आटोक्यात आला, पण हृदयाचे काय?

एचआयव्हीचे निदान म्हणजे आयुष्याचा शेवट, असे १९९०च्या दशकात मुंबई-पुण्यात मानले जाई. आज नियमित औषधे घेणाऱ्याच्या रक्तात विषाणू चाचणीला सापडत नाही आणि वेळेवर उपचार सुरू झालेल्यांचे आयुर्मान इतरांच्या जवळपास पोहोचते. मात्र या वाढलेल्या आयुष्यात हृदयविकाराची जोखीम इतरांपेक्षा सुमारे दीड ते दोन पट राहते. विषाणू दबला असतानाही असे का व्हावे?

याचे उत्तर केवळ कोलेस्टेरॉलच्या अहवालात सापडत नाही. उपचाराविना एचआयव्हीमध्ये ‘चांगले’ एचडीएल आणि ‘वाईट’ एलडीएल दोन्ही घटतात, ट्रायग्लिसराइड मात्र वाढते. उपचार सुरू होताच एलडीएल पुन्हा वर येते. त्यातला काही भाग प्रकृती सुधारल्याचाच परिणाम असतो. औषधांचाही वाटा असतो. जुन्या काही प्रोटीज-रोधकांनी चरबी बरीच वाढवली; टेनोफोव्हिरच्या जुन्या रूपाने ती थोडी उतरते, म्हणून नव्या रूपाकडे वळल्यावर आकडे चढलेले दिसतात. पण खरा चिवट घटक आहे तो मंद, सततच्या दाहाचा. संसर्गाच्या आरंभी आतड्याच्या अस्तराची जी हानी होते ती पूर्णपणे भरून येत नाही. तेथून झिरपणारे जिवाणूंचे अंश प्रतिकारशक्तीला सतत डिवचत राहतात आणि धमन्यांच्या भिंतींना त्याची झळ बसते. औषधे थांबवणे हा यावरचा मार्ग नव्हे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्मार्ट’ चाचणीत उपचार मधूनमधून थांबवणाऱ्यांमध्ये हृदयविकारासह गंभीर आजार वाढल्याचे आढळले होते.

मग करायचे काय? २०२३ मध्ये ‘रिप्रीव्ह’ या चाचणीने याचे ठोस उत्तर दिले. भारतासह १२ देशांतील, ४० ते ७५ वयाच्या ७,७६९ जणांचा तीत समावेश होता. रूढ गणितानुसार या सर्वांची जोखीम कमी ते मध्यम होती, म्हणजे एरवी त्यांपैकी अनेकांना कोणी स्टॅटिन दिलेच नसते. निम्म्यांना पिटाव्हास्टॅटिन, निम्म्यांना निष्क्रिय गोळी. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात अशा गंभीर घटना स्टॅटिन गटात ३५ टक्क्यांनी कमी झाल्या आणि चाचणी मुदतीपूर्वीच थांबवण्यात आली. प्रत्यक्ष आकडा मात्र तारतम्याने वाचावा: वर्षाला दर हजारी सुमारे सात घटनांऐवजी पाच. मधुमेह आणि स्नायुदुखी गोळी घेणाऱ्यांत किंचित अधिक आढळली. मधुमेहाचे घराणे असलेल्या आपल्यापैकी अनेकांनी हे डॉक्टरांशी अवश्य बोलावे.

ब्रिटिश एचआयव्ही असोसिएशनने यानंतर चाळिशीपुढील एचआयव्हीबाधितांना स्टॅटिन देऊ करण्याची शिफारस केली. येथे पिटाव्हास्टॅटिन मिळत नसल्याने सहसा अटोर्व्हास्टॅटिन दिले जाते. आपल्या वाचकांसाठी आणखी एक बाब म्हणजे दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांत हृदयविकार मुळातच लवकर येतो. येथील जीपी वापरतात ते ‘क्यूरिस्क’ गणित वंश धरते, एचआयव्ही धरत नाही. एकूण जोखीम त्यामुळे कमी दिसण्याची शक्यता राहते.

खरी अडचण मात्र संकोचाची आहे. ब्रिटनमध्ये एचआयव्हीची औषधे विशेष क्लिनिकमधून मिळतात आणि जीपीच्या नोंदीत ती असतीलच असे नाही. नोकरी, बिरादरी, घरचे अशा कारणांनी अनेक जण जीपीलाही सांगत नाहीत. अशा वेळी रिटोनाव्हिर किंवा कोबिसिस्टॅट घेणाऱ्याला कोणी सिम्व्हास्टॅटिन लिहून दिले, तर रक्तातील स्टॅटिनची पातळी अनेक पटींनी वाढून स्नायू विरघळू लागण्याचा आणि मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका असतो. हे दोन्ही एकत्र घेणे वर्ज्यच आहे. सुट्टीत गावी गेल्यावर दुकानातून स्टॅटिनची गोळी घेण्याची सवय असेल, तर त्यासही हेच लागू. क्लिनिकमधील गोपनीयता कायद्याने जपलेली आहे. जीपीला सांगायचे नसेल, तर निदान स्टॅटिनची गोष्ट तरी क्लिनिकमध्ये काढावी. तेथील औषधतज्ज्ञ परस्परक्रिया तपासून देतात.