पंखा फिरतो, पण वारा देत नाही



पाण्याच्या पाळ्या, बेणे, खताची मात्रा या गोष्टी आपल्या पानांवर नेहमीच येतात. या खेपेस विषय थोडा निराळा आहे. आज आपल्यापैकी पुष्कळांच्या दारात टर्बो इंजिनाची मोटार उभी असते. चैत्र-वैशाखात ती तापू लागली की गॅरेजचे हेलपाटे सुरू होतात आणि उसाच्या बिलाचा पैसा रेडिएटरमधल्या पाण्यासारखा वाफ होऊन जातो. आमच्या डोळ्यांदेखत घडलेली एक हकिगत आहे, ती सांगतो.

आमच्या तापीकाठच्या गावात एक जुने सभासद आहेत. सारा गाव त्यांना आबा म्हणतो. त्यांच्या घरच्यांना, म्हणजे आमच्या वहिनींना, आठवड्यातून दोनदा जळगावला डायलिसिससाठी न्यावे लागते. एसटीने नेणे शक्य नाही, म्हणून मोटार. आणि तीच मोटार गेल्या उन्हाळ्यात दगा देऊ लागली. हायवेवर साठ-सत्तरच्या वेगाने चालली की काटा निम्म्यावर शांत. अजिंठा चौफुलीच्या गर्दीत थांबली की काटा वर चढायचा, एसी गरम हवा फेकायचा, आणि थोड्या वेळाने गाडी ओढायचीच बंद व्हायची. मागे वहिनी पदराने वारा घेत बसलेल्या. जळगावचा मे महिना म्हणजे पारा पंचेचाळीसच्या आसपास, हे काही आपणांस सांगायला नको.

आबांनी उपाय कमी केले नाहीत. एका गॅरेजात रेडिएटर साफ झाला, थर्मोस्टॅट बदलला, मग पाण्याचा पंपही बदलला. दुसरीकडे एसीत गॅस भरला. तिसऱ्याने गाडी ओढत नाही हे ऐकून सांगितले, "टर्बो गेला." टर्बोचा आकडा ऐकून आबा गप्प झाले. तोवर एकोणीस हजार रुपये गेले होते आणि काटा होता तिथेच चढत होता.

टर्बो म्हणजे काय, हे ऊसवाल्याला समजावणे फार सोपे आहे. कारखान्यात बॉयलरची वाफ टर्बाइनच्या पात्यांवर सोडतात आणि टर्बाइन फिरते. इथे वाफेऐवजी इंजिनाचा धूर असतो. सायलेन्सरकडे निघालेला तापलेला धूर एका छोट्या चाकावर आदळतो, त्याच दांड्यावरचे दुसरे चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा जास्त म्हणून डिझेल जास्त जळते आणि लहान इंजिन मोठ्याचे काम करते. स्वित्झर्लंडचे इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. हे चाक मिनिटाला लाखावर फेरे घेते. दाबलेली हवा तापते, ती थंड करायला इंटरकूलर नावाची जाळी लागते. बऱ्याच गाड्यांत ही जाळी, एसीची जाळी आणि रेडिएटर पुढच्या बाजूला एकामागे एक बसवलेले असतात. या साऱ्या जाळ्यांतून वारा ओढायचा भार एकट्या पंख्यावर.

जुन्या जीपला हा पंखा पट्ट्यावर फिरायचा. इंजिन फिरले की पंखा फिरला, विजेचा संबंधच नाही. आताच्या बहुतेक मोटारींत इंजिन आडवे बसवलेले असते, म्हणून पंख्याला स्वतंत्र विजेची मोटर असते. पाण्यात बुडालेला सेन्सर तापमान सांगतो, गाडीचा कॉम्प्युटर रिलेला हुकूम देतो, रिले पंखा चालू करतो. पाणी फारच तापले तर हाच कॉम्प्युटर इंजिन वाचवण्यासाठी डिझेल कमी करतो. गाडी मग ओढत नाही. बिचाऱ्या टर्बोचा त्यात काही दोष नसतो.

त्या दिवशी आम्ही आबांच्या सोबत होतो. वहिनींना दवाखान्यात मशीनवर घेतले आणि चार तास मोकळे मिळाले. कोणी तरी मेहरूणमधल्या एका वायरिंगच्या मिस्त्रीचे नाव सांगितले होते, तिकडे गाडी घेतली. मेहरूण म्हटले की आम्हांला बोरेच आठवतात, पण मेमध्ये कसली बोरे! निंबाच्या सावलीत एक टपरीवजा गॅरेज, आत एक पंचविशीतला पोरगा, हातात साधा मीटर.

आबांनी रेडिएटरपासून सारी कहाणी सांगितली. पोराने ऐकून घेतले आणि विचारले, "आबा, हायवेला तापते का?"

"नाही."

"मग पाणी कायले बदलता? पाणी फिरतंय. वारा नाही मिळत."

किती साधा प्रश्न! गाडी पळत असताना समोरचा वारा आपोआप मिळतो, थांबली की सारी मदार पंख्यावर. एसीची जाळीही त्याच वाऱ्यावर थंड होते, म्हणून एसी त्याच वेळी गरम व्हायचा. तीन तक्रारी आणि तीन बिले, पण आजार एकच. गाडी पळतानाही तापली असती, तर मात्र पाणी, पंप, थर्मोस्टॅट यांच्याकडे आधी बघावे लागले असते.

पोराने इंजिन चालू केले, एसी लावला आणि बॉनेट उघडून आम्हांला बघायला सांगितले. पंखा फिरत होता. आबा म्हणाले, "फिरतोय की! मागच्या इलेक्ट्रिशियननेही हेच सांगितलं. त्यानं प्लग काढून मीटर लावला, पुरे चौदा व्होल्ट येत होते."

पोरगा हसला. "आबा, तुमच्या विहिरीवरची मोटार बंद असते, तेव्हा मीटर काय दाखवतो?"

"चारशे. कधी त्याहून जास्त."

"अन् स्टार्टर दाबल्यावर?"

आबा एकदम थांबले. आम्हीही. लाइनीच्या शेवटच्या टोकाला ज्याची विहीर आहे त्या प्रत्येक सभासदाने हे भोगले आहे. मोटार बंद असताना काटा पुरा, स्टार्टर दाबला की तीनशेच्या खाली, आणि मोटार नुसती घुंघुं करते. वायर बारीक किंवा सांधा खराब असेल, तर त्याची खोट प्रवाह वाहू लागल्याशिवाय दिसत नाही. नुसता व्होल्ट पाहून काही कळत नाही, भार घालून पाहावा लागतो. मोटारगाडीतही हाच नियम चालतो. मागच्या माणसाने प्लग काढून, म्हणजे भार काढूनच, मोजमाप घेतले होते.

पोराने प्लग जागेवर ठेवला, मागच्या बाजूने वायरीला मीटरच्या सुया टेकवल्या आणि पंखा चालू असताना मोजले. बॅटरीवर १४.० व्होल्ट, पंख्यावर ९.६. मधल्या मध्ये ४.४ व्होल्ट हरवले होते. पंखा फिरत होता खरा, पण पाऊण अंगानेच, आणि तीन जाळ्यांतून वारा ओढायला तो पुरा पडत नव्हता.

मग चोर शोधणे आले. मीटरची एक सुई बॅटरीच्या प्लसवर, दुसरी पंख्याच्या प्लसवर, पंखा चालूच. मीटरने ०.४ दाखवले. फ्यूज, रिले आणि इतकी लांब वायर धरून एवढी तूट चालते. नंतर एक सुई बॅटरीच्या मायनसवर, दुसरी पंख्याच्या मायनसवर. पूर्ण ४.० व्होल्ट! मोटारीत परतीची वायर फार लांब नसते, गाडीचा पत्रा हीच परतीची वायर. पंख्याची काळी वायर डाव्या हेडलाइटखाली पत्र्याला एका बोल्टने आवळलेली होती. पोराने बोल्ट खोलला. थिंबल काळेठिक्कर पडलेले आणि खाली पत्र्यावर चकचकीत रंग.

आबांनी कपाळाला हात लावला. गळीत हंगामात उसाची ट्रॉली मागे घेताना त्या कोपऱ्याला ठोकर बसली होती, तेव्हा डेंटिंग-पेंटिंग झाले होते. रंगवणाऱ्याने बोल्टखालची जागाही रंगवली आणि रंगावरच थिंबल आवळून दिले. रंगातून वीज जात नाही. बोल्टच्या आट्यांतून कशीबशी जात होती, आणि तिथे चार व्होल्ट जळत होते. थंडीत ते खपून गेले, उन्हाळ्याने हिशेब मागितला.

पॉलिश पेपरने पत्रा उजळला, नवे थिंबल दाबून बसवले, बोल्ट आवळून वरून ग्रीस लावले. पुन्हा मोजले, तर पंख्यावर १३.४. पंख्याचा आवाजच बदलला. पोराने दोनशे रुपये मागितले.

दर वेळी दोष अर्थिंगचाच असेल असे नाही. पंखा मुळीच फिरत नसेल तर आधी फ्यूज पाहावा. नंतर रिले, त्याच आकाराचा, त्याच नंबरचा दुसरा रिले, बहुधा हॉर्नचा, क्षणभर त्या जागी लावून पाहता येतो. रिले म्हणजे आपल्या स्टार्टरचाच धाकटा भाऊ, थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू करणारा. काही गाड्यांत पंख्याला दोन वेग असतात आणि हळू वेग एका रेझिस्टरमधून मिळतो. तो जळाला की पंखा हळू फिरतच नाही, पाणी जास्त तापल्यावर एकदम जोरात सुटतो. पुष्कळ गाड्यांत सेन्सरचा प्लग काढला की कॉम्प्युटर घाबरून पंखा पूर्ण जोरात लावतो. तसे झाले तर पंखा, रिले, फ्यूज ठीक आहेत आणि संशय सेन्सरवर जातो. काटा डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उडी मारत असेल, किंवा हेडलाइट लावताच सरकत असेल, तर पाणी तापलेलेच नाही, वायरिंग खोटे बोलते आहे. पाणी असे क्षणात तापत नाही. शेतातल्या शेडमध्ये गाडी उभी करणाऱ्यांनी उंदरांनाही विसरू नये. वायरीवरचे प्लास्टिक ते आवडीने कुरतडतात.

"पंखा डायरेक्ट करून देतो" म्हणणारे पुष्कळ भेटतात. फ्यूज न घालता बारीक वायरीवर असा पंखा जोडला तर वायर पेटू शकते. घरी पोचण्यापुरते करायचे असेल तर जाड वायर आणि फ्यूज घालूनच करावे. इंजिन बंद असतानाही काही गाड्यांत पंखा आपोआप सुरू होतो, म्हणून बॉनेटमध्ये वाकताना उपरणे आणि बोटे सांभाळावीत. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. आत दाब असतो, त्यामुळे शंभर अंशांपुढेही पाणी उकळत नाही, पण झाकण सैल होताच तेच पाणी उसळून तोंडावर येते. वाटेत काटा चढू लागला तर एसी बंद करावा, हीटर पूर्ण लावावा आणि सावली पाहून थांबावे. लाल रेषेत गेलाच तर इंजिन बंद करावे आणि तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नये. हेड वाकले किंवा गॅस्केट गेले तर मोठा खर्च निघतो.

वहिनी मशीनवरून उठल्या तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. आबांनी गाडी दवाखान्याच्या दारात लावली, एसी आधीच चालू होता. अजिंठा चौफुलीला नेहमीप्रमाणे ट्रकांची रांग होती, आम्ही बराच वेळ तिथे अडकून पडलो. आबा रस्त्याकडे कमी आणि काट्याकडे जास्त पाहत होते. काटा निम्म्यावरच होता. मागे वळून पाहिले, तर वहिनींना झोप लागली होती.