लंडनमध्ये जन्मलं म्हणजे ब्रिटिश झालं का?

"बाळ इथं जन्मलं म्हणजे ते ब्रिटिशच." नोकरीसाठी ब्रिटनला आलेल्या मराठी कुटुंबांत हा समज इतका रुजलाय की हॅरोच्या किंवा स्लाउच्या कुठल्याही डोहाळजेवणात कुणी ना कुणी तो बोलून दाखवतंच. साताऱ्याहून आजीही फोनवर तेच म्हणते.

हा समज अगदीच निराधार नाही, पण तो चाळीसहून अधिक वर्षं जुना आहे. 1981 चा ब्रिटिश नॅशनॅलिटी ॲक्ट 1 जानेवारी 1983 पासून लागू झाला आणि तेव्हापासून नुसतं ब्रिटनच्या भूमीवर जन्मणं पुरेसं राहिलं नाही. बाळाच्या जन्माच्या वेळी आई किंवा वडील, दोघांपैकी एक जण तरी ब्रिटिश नागरिक असायला हवा, नाहीतर त्याला तिथं कायम राहण्याची परवानगी, म्हणजे आयएलआर, मिळालेली असायला हवी. दोघंही स्किल्ड वर्कर किंवा विद्यार्थी व्हिसावर असतील, तर बाळ ब्रिटिश होत नाही.

घोळ होतो तो अमेरिकेतल्या नातेवाइकांमुळे. न्यू जर्सीतल्या मावसबहिणीच्या मुलाला जन्मल्याबरोबर अमेरिकन पासपोर्ट मिळाला, मग आपल्याला का नाही? कारण दोन देशांचे कायदेच वेगळे आहेत. अमेरिकेत 1868 च्या चौदाव्या घटनादुरुस्तीच्या आधारे एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावरच्या जोडप्यांची मुलंही जन्मतः नागरिक धरली गेली. जानेवारी 2025 च्या अध्यक्षीय आदेशानं त्यालाच आव्हान दिलं आणि तो वाद कोर्टात गेला. भारतातही 3 डिसेंबर 2004 पासून जन्मलेल्या बाळाला केवळ जन्माच्या जोरावर नागरिकत्व मिळत नाही, तिथंही आई-वडिलांचा दर्जा बघतात. त्यामुळे अमेरिकेतला अनुभव लंडनमध्ये लावून बघू नये.

ब्रिटनमध्ये सगळं अडतं ते एका तारखेवर. समजा, एकाच कंपनीतली, एकाच वर्षी आलेली दोन जोडपी आहेत. एकाला बुधवारी आयएलआर मिळाला आणि बाळ गुरुवारी जन्मलं. ते बाळ जन्मतःच ब्रिटिश, त्याच्या ब्रिटिश पासपोर्टसाठी लगेच अर्ज करता येतो. दुसऱ्याचं बाळ मंगळवारी आलं आणि आयएलआर बुधवारी. ते बाळ ब्रिटिश नाही, आणि पुढं आई-वडिलांना सगळं मिळालं तरी आपोआप होणारही नाही.

इथंच दुसरा गैरसमज येतो: "आम्हाला आयएलआर मिळाला की बाळही ब्रिटिश होईल." होत नाही. त्याच्यासाठी वेगळा अर्ज करून नोंदणी करावी लागते. एमएन-वन नावाचा फॉर्म भरायचा, घसघशीत फी भरायची, आणि हे सगळं मूल अठरा वर्षांचं व्हायच्या आत. मात्र या नोंदणीसाठी बाळाचा स्वतःचा आयएलआर लागत नाही, आई किंवा वडिलांपैकी एकाचा पुरतो. हे माहीत नसल्यानं कित्येक जण बाळासाठी आधी आयएलआरचे पैसे भरतात आणि मग नोंदणीचे. दुसरी वाट दहा वर्षांची आहे. ब्रिटनमध्ये जन्मलेलं मूल पहिली दहा वर्षं तिथंच राहिलं आणि त्यातल्या कुठल्याही वर्षी नव्वद दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलं नाही, तर आई-वडिलांच्या व्हिसाचा प्रश्न न येता त्याला नोंदणी मागता येते. दर उन्हाळ्यात लांबलचक सुट्टीला गावी जाणाऱ्यांनी हा नव्वदचा आकडा लक्षात ठेवावा.

मग ब्रिटिश नसलेल्या अशा बाळाचा पहिला पासपोर्ट कुठला? भारतीय. आणि सगळ्यात महागात पडणारा गैरसमज याच बाबतीत आहे: "आम्ही दोघं भारतीय, मग बाळ भारतीयच की. सवडीनं काढू पासपोर्ट."

1955 च्या भारतीय नागरिकत्व कायद्याचं चौथं कलम असं सांगत नाही. 3 डिसेंबर 2004 पासून भारताबाहेर जन्मलेलं बाळ, आई-वडील भारतीय असले तरी, नोंद झाल्याशिवाय वंशानं भारतीय नागरिक ठरत नाही. जन्मापासून एका वर्षाच्या आत भारतीय हाय कमिशनमध्ये किंवा कॉन्सुलेटमध्ये नोंद करायची आणि बाळाकडे दुसऱ्या कुठल्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यायचं. वर्ष उलटलं तर दार पूर्ण बंद होत नाही, पण मग केंद्र सरकारची परवानगी लागते. आधीच रात्री-अपरात्रीची जागरणं, त्यात आईची रजा संपत आलेली, घरी मदतीला कुणी नाही. पहिलं वर्ष कसं सरतं ते अशा घरांत कळतसुद्धा नाही. म्हणून हे काम पहिल्या दोन-तीन महिन्यांतच उरकावं असं मी प्रत्येकाला आग्रहानं सांगतो.

काही जण मुद्दाम हे काम टाळतात. त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं: "भारतात नोंदच करू नका. बाळ कुठल्याच देशाचं नसेल तर पाच वर्षांनी ब्रिटिश पासपोर्ट मिळतो." हा सल्ला हवेतून आलेला नाही. 2017 मध्ये लंडनच्या हायकोर्टापुढे अशाच एका मुलाचं प्रकरण आलं होतं. आई-वडील भारतीय, जन्म ब्रिटनमधला, आणि हाय कमिशनमध्ये नोंद झालेली नव्हती. भारताच्या कायद्यानुसार नोंदीशिवाय ते मूल भारतीय नाही आणि ब्रिटिशही नाही, म्हणजे राज्यहीन आहे, आणि म्हणून त्याला ब्रिटिश नोंदणीचा हक्क आहे, असा निकाल लागला. पण त्यानंतर 2022 च्या नॅशनॅलिटी अँड बॉर्डर्स ॲक्टनं ही वाट चिंचोळी केली. ज्या मुलाला दुसऱ्या देशाचं नागरिकत्व रीतसर घेता आलं असतं, त्याला आता ही सवलत नाकारता येते. जुना निकाल ऐकून आजही कुणी पाच वर्षं थांबलं, तर त्या काळात मुलाकडे कुठलाच पासपोर्ट नसतो. आजारी आजोबांना भेटायला नेता येत नाही, आणि शेवटी अर्जही फेटाळला जाऊ शकतो. एवढ्याशा जिवाला पाच वर्षं बिनकागदाचं ठेवायचा सल्ला देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

हाय कमिशनमधल्या नोंदीसाठी लागतो ब्रिटनमधला जन्मदाखला, तोही पूर्ण. छोट्या दाखल्यावर आई-वडिलांची नावं नसतात, तो पासपोर्टला चालत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये 42 दिवसांत, स्कॉटलंडमध्ये 21 दिवसांत जन्म नोंदवावा लागतो. बाराव्या दिवशी बारसं करणाऱ्यांना ही मुदत सोपी वाटते. पण आजी-आजोबांना व्हिसा मिळेपर्यंत बारसं पुढं ढकललेल्या घरांत नावावर एकमत होईपर्यंत मुदत संपत आलेली असते.

नावाचं प्रकरण आपल्या घरांत जरा जास्तच गुंतागुंतीचं असतं. लग्नानंतर आडनाव बदललेलं, कधी नावही बदललेलं, आणि पासपोर्ट मात्र माहेरच्या नावाचा. रजिस्ट्रारनं विचारल्यावर आई सहज सासरचं नाव सांगते, आणि मग दाखल्यावर एक आई आणि पासपोर्टवर दुसरीच. रजिस्ट्रारकडे जाताना दोघांचे पासपोर्ट सोबत न्यावेत, त्यात आहेत तशीच नावं अक्षर न् अक्षर सांगावीत आणि सही करण्यापूर्वी मसुदा सावकाश वाचावा. बाळाचं मधलं नाव वडिलांचं ठेवायचं की नाही, हेही तिथं जायच्या आधी ठरलेलं असावं. महाराष्ट्र सरकारनं 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदपत्रांत बाळाचं, आईचं, वडिलांचं आणि मग आडनाव असा क्रम ठरवला आहे. निर्णय चांगला आहे, पण इंग्लंडच्या रजिस्ट्रारवर तो बंधनकारक नाही. दाखल्यावर जे लिहिलं जाईल, तेच पुढं पासपोर्टवर येणार.

अर्जाचं बाकी काम चिकाटीचं आहे. पांढऱ्या चादरीवर बाळाला झोपवून वरून फोटो काढायचा, चेहऱ्यावर सावली नको, आधार देणारा हात दिसायला नको. ब्रिटिश पासपोर्टला वर्षाच्या आतल्या बाळाचे डोळे मिटलेले चालतात, भारतीय पासपोर्टला उघडे हवेत, म्हणजे दूध पिऊन पेंगायच्या आधीची पाच मिनिटं साधायची. फॉर्मवर सहीच्या जागी बाळाच्या अंगठ्याचा ठसा घेतात. ती घट्ट मिटलेली मूठ उघडून, इवलासा अंगठा शाईवर टेकवून चौकटीत उमटवायला आई-बाबा दोघंही लागतात.

पासपोर्ट हातात आला की लगेच गणपतीची तिकिटं काढली जातात. "बाळ तर इथंच जन्मलं, त्याला कसला आलाय व्हिसा?" ब्रिटनमध्येच राहायचं असेल तोवर हे बरोबर आहे. तिथं जन्मलेलं बाळ व्हिसाविना राहिलं म्हणून बेकायदा ठरत नाही. पण देशाबाहेर जाऊन परत यायचं असेल तर त्याला डिपेंडंट व्हिसा हवाच. तो निघण्याआधी ब्रिटनमध्येच काढून घ्यावा. नाहीतर सुट्टी संपते, वडील नोकरीवर परततात आणि आई बाळाला घेऊन व्हिसाची वाट बघत पुण्यात अडकते.

प्रवास करायचाच नसेल, तरीही व्हिसा काढावा असं मला वाटतं, आणि त्याचं कारण फार थोड्यांना माहीत असतं. आई-वडिलांनी व्हिसासोबत हेल्थ सरचार्ज भरलेला असला, तरी त्या आधारावर नवजात बाळावर एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या इस्पितळात मोफत उपचार होतात ते पहिले तीन महिनेच, तेही बाळ देशाबाहेर गेलेलं नसेल तर. पुढं बाळाचा स्वतःचा व्हिसा आणि सरचार्ज नसेल, तर इस्पितळातल्या उपचारांचं बिल येऊ शकतं. जीपीकडे, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरकडे, तपासणी आणि अपघात विभागातले उपचार मात्र मोफतच राहतात.

राहता राहिला "दोन्ही पासपोर्ट ठेवू" हा बेत. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं ओसीआय कार्ड म्हणजे दुसरं नागरिकत्व नव्हे. त्यावर मतदान करता येत नाही आणि गावाकडं शेतजमीन विकत घेता येत नाही. मूल पुढं ब्रिटिश म्हणून नोंदलं गेलं की त्याचा भारतीय पासपोर्ट हाय कमिशनकडे जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं. ओसीआयच्या अर्जासोबत तेच मागतात, आणि तो अर्ज बहुतेकांना पुढच्या भारतवारीच्या आधीच करायचा असतो.