छातीतील पाणी आणि श्वासमार्गातील कफ

फुप्फुसावरणातील द्रवसंचय आणि श्वासमार्गातील कफाचा अडथळा हे धाप लागण्यास कारणीभूत ठरणारे दोन भिन्न विकार आहेत. बोलीभाषेत पहिल्याला 'छातीत पाणी होणे', तर दुसऱ्याला 'छातीत कफ दाटणे' म्हणतात. पाणी फुप्फुसाच्या बाहेर साठते; कफ श्वासमार्गाच्या आत अडकतो. त्यामुळे पाणी खोकून पडत नाही आणि कफ सुईने निघत नाही.

कारणे

फुप्फुसावर दुपदरी आवरण असते. दोन पदरांमधील पोकळीत निरोगी अवस्थेत वंगणापुरता, काही मिलीलिटर द्रव असतो. हृदय, यकृत वा मूत्रपिंडाचे विकार, न्यूमोनिया, क्षयरोग किंवा कर्करोग यांमुळे तो वाढतो आणि फुप्फुस बाहेरून दाबले जाते. भारतात क्षयरोग हे याचे एक प्रमुख कारण आहे.

दम्यात, श्वसनी कायमच्या रुंदावल्यास किंवा शस्त्रक्रियेनंतर वेदनेमुळे खोकता न आल्यास घट्ट कफाचा बोळा श्वसनीत अडकतो. त्यापलीकडील हवा रक्तात शोषली जाते आणि फुप्फुसाचा तो भाग मिटतो.

निदान

दोन्हींत छातीवर बोटांनी ठोकल्यास आवाज बद्द येतो, श्वासध्वनी मंदावतो आणि क्ष-किरण चित्रात ती बाजू पांढरी दिसू शकते. अशा वेळी मुख्य श्वासनलिकेची जागा पाहतात. भरपूर पाणी तिला विरुद्ध बाजूस ढकलते. मिटलेले फुप्फुस तिला स्वतःकडे ओढते. सोनोग्राफीत पाणी स्पष्ट दिसते. ही खात्री न करता सुई टोचल्यास फुप्फुसाला इजा होऊ शकते.

उपचार

पाणी काढताना सुई बरगडीच्या वरच्या कडेलगत घालतात, कारण रक्तवाहिन्या व मज्जातंतू खालच्या कडेने जातात. एका वेळी साधारणतः दीड लिटरपेक्षा जास्त पाणी काढत नाहीत. दबलेले फुप्फुस एकाएकी फुलल्यास त्याला सूज येऊ शकते. पू झाल्यास छातीत नळी घालावी लागते. रिचर्ड लाइट यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या निकषांनुसार द्रव व रक्त यांतील प्रथिनांची आणि एलडीएच या विकराची तुलना करून कारणाचा माग काढतात. हृदयविकारामुळे साठलेले पाणी बहुधा मूत्रल औषधांनी ओसरते.

कफासाठी वाफारा, नेब्युलायझर, श्वसनाचे व्यायाम, विशिष्ट स्थितीत झोपवून कफ उतरवणे हे उपाय योजतात. बोळा न सुटल्यास दुर्बिणीने तो ओढून काढतात.

क्षयरोगात पाणी काढल्यावर धाप लगेच कमी होते, परंतु रोग बरा झालेला नसतो. औषधांना दाद देणाऱ्या क्षयरोगात सामान्यतः सहा महिने औषधे घ्यावी लागतात. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात ती मोफत मिळतात. बरे वाटते म्हणून ती मध्येच सोडल्यास रोग उलटू शकतो आणि जंतू औषधांना दाद देईनासे होऊ शकतात.